पिशवी बाजूला काढलीत, पण रक्तदात्याला कळवलंत का?

प्रति,
रक्तपेढ्यांचे प्रमुख, रक्तसंक्रमण अधिकारी, समुपदेशक आणि रक्तदान शिबिरांचे संयोजक यांस

सप्रेम नमस्कार.

रक्तपेढीच्या वार्षिक अहवालात एक तक्ता असतो. वर्षभरात किती पिशव्या रक्त जमा झालं आणि त्यातल्या किती पिशव्या एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी किंवा सिफिलिसच्या चाचणीत रिअ‍ॅक्टिव्ह निघाल्या (म्हणजे संसर्गाची शंका दिसली), याची टक्केवारी त्यात दिलेली असते. हिपॅटायटिस सीच्या रकान्यातला आकडा सहसा लहान असतो. पुष्कळ ठिकाणी तो एक टक्क्याच्याही आत असतो. पिशव्या वेळीच बाजूला काढल्या, नियमानुसार नष्ट केल्या, रुग्णाला धोका पोहोचला नाही, असं म्हणून अहवाल पुढच्या पानावर जातो. त्या पिशव्या ज्यांच्या दंडातून भरल्या गेल्या त्यांचं पुढे काय झालं, हे त्या तक्त्यात कुठेच नसतं. हे पत्र त्या माणसांसाठी आहे.

मी नियमित रक्तदान करतो. रक्त देण्याआधी जो फॉर्म भरून घेतला जातो, त्यात ‘चाचणीत काही दोष आढळल्यास मला कळवावे’ अशा अर्थाची एक ओळ असते आणि तिच्यापुढे मी दर वेळी ‘होय’ अशी खूण करतो. माझ्यासारखे असंख्य लोक करतात. त्या खुणेवर विसंबून माणूस घरी जातो. काही दिवस फोन आला नाही, पत्र आलं नाही, म्हणजे आपलं रक्त स्वच्छ आहे, अशी त्याची खात्री होते. रक्तपेढी गप्प राहिली की रक्तदाता तिच्या गप्प बसण्याला ‘सगळं ठीक आहे’ असं समजतो. हिपॅटायटिस सीच्या बाबतीत हा समज जीवघेणा ठरू शकतो, कारण या आजारात शरीर स्वतःहून फारसं काही सांगत नाही.

तुम्हाला हे ठाऊकच आहे, पण हे पत्र रक्तदातेही वाचतील, म्हणून थोडक्यात सांगतो. हिपॅटायटिस सी हा यकृताला सूज आणणारा आजार. त्याचा विषाणू रक्तावाटे पसरतो. न उकळलेल्या किंवा पुन्हा वापरलेल्या सुया, निष्काळजीपणे केलेलं डायलिसिस किंवा दातांचे उपचार, गोंदण, इतरांचं पातं, सुईने घेतले जाणारे अमली पदार्थ आणि चाचणी न केलेलं रक्त या त्याच्या मुख्य वाटा. संसर्ग झालेल्या दर दहा जणांपैकी साधारण तिघांच्या शरीरातून तो सहा महिन्यांच्या आत आपोआप निघून जातो. उरलेल्या सात जणांत तो ठाण मांडतो. त्यांच्यापैकी बहुतेकांना कावीळ होत नाही आणि पोटात दुखतही नाही. थोडा थकवा जाणवला तरी तो कामाच्या ताणावर ढकलला जातो. वीस वर्षांत यांतल्या १५ ते ३० टक्के लोकांना लिव्हर सिरॉसिस (यकृत कडक होऊन निकामी होत जाणं) होण्याचा धोका असतो आणि काहींच्या बाबतीत गोष्ट यकृताच्या कर्करोगापर्यंत जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा दीर्घकालीन संसर्ग होता आणि त्या एका वर्षात सुमारे २ लाख ४२ हजार माणसं त्याने दगावली. ज्यांना हा आजार आहे त्यांच्यापैकी जेमतेम ३६ टक्क्यांना आपल्याला तो आहे हे कळलेलं होतं.

म्हणजे जवळपास दोन तृतीयांश लोक अनभिज्ञ. धडधाकट दिसणारा, हिमोग्लोबिन चांगलं असलेला, कामधंदा करणारा माणूस स्वतःहून हिपॅटायटिस सीची चाचणी करून घ्यायला कधी जातो? जात नाही. त्याची ही चाचणी आयुष्यात बहुधा एकदाच होते, आणि ती तुमच्याकडे होते. त्याच्या यकृतातली ही गोष्ट त्याच्या घरच्यांना माहीत नसते, त्याच्या डॉक्टरांना माहीत नसते. जगात फक्त तुमच्या नोंदवहीला ती माहीत असते.

रक्तपेढ्यांनी रक्तदात्यांच्या नोंदींकडे नीट पाहिलं तर काय घडू शकतं, याची उदाहरणं या विषाणूच्या इतिहासातच आहेत. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत हृदयशस्त्रक्रियेसाठी रक्त चढवलेल्या रुग्णांपैकी जवळजवळ ३० टक्के लोकांना नंतर हिपॅटायटिस होत असे. १९७० च्या सुमारास पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांचं रक्त बंद करून स्वयंसेवी रक्तदात्यांचं रक्त घ्यायला सुरुवात झाली, सोबत हिपॅटायटिस बीची चाचणीही आली, आणि हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास आलं. तो बदल घडला तेव्हा हिपॅटायटिस सीचा विषाणू कुणाला माहीतसुद्धा नव्हता. उरलेली प्रकरणं हिपॅटायटिस ए ची नव्हती आणि बी ची नव्हती, एवढंच त्या संस्थेतले संशोधक हार्वे आल्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे दाखवलं. त्यांनी रुग्णांचे आणि रक्तदात्यांचे नमुने वर्षानुवर्षे जपून ठेवले. १९८९ मध्ये मायकेल हॉटन आणि त्यांच्या चमूने विषाणू शोधून चाचणी तयार केली, तेव्हा ती खरी उतरते का हे पडताळायला तेच जुने नमुने उपयोगी पडले. २०२० चं वैद्यकशास्त्राचं नोबेल आल्टर, हॉटन आणि चार्ल्स राइस यांना मिळालं ते हाच विषाणू शोधल्याबद्दल.

पण मला खरं सांगायचं आहे ते आयर्लंडबद्दल. तिथे रक्तदात्यांच्या रक्ताची हिपॅटायटिस सीसाठी तपासणी १९९१ मध्ये सुरू झाली. इतर देशांसारखेच तिथेही काही रक्तदाते रिअ‍ॅक्टिव्ह निघू लागले. मन्स्टर प्रांतात रक्तसंक्रमण सेवेचं काम पाहणाऱ्या डॉ. जोन पॉवर यांनी ती यादी केवळ टक्केवारी काढून मिटवली नाही. ही माणसं कोण आहेत, हे त्यांनी पाहिलं. त्यांच्या लक्षात आलं की यांत स्त्रिया बऱ्याच आहेत आणि त्यांतल्या अनेकींचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आहे. युरोपीय लोकांत आरएच निगेटिव्ह असण्याचं प्रमाण साधारण १५ टक्के असतं. मग संसर्ग झालेल्यांत त्याच स्त्रिया इतक्या का? कारण आरएच निगेटिव्ह आईला पुढच्या बाळाच्या सुरक्षिततेसाठी बाळंतपणानंतर देतात ते अँटी-डी नावाचं इंजेक्शन या स्त्रियांना दिलं गेलं होतं. ते इंजेक्शन रक्तदात्यांच्या प्लाझ्मापासून (रक्तातल्या द्रव भागापासून) खुद्द रक्तसंक्रमण सेवाच तयार करत होती. १९७६ मध्ये कावीळ झालेल्या एका रुग्ण स्त्रीचा प्लाझ्मा त्यात वापरला गेला होता आणि १९७७-७८ मधल्या इंजेक्शनांवाटे विषाणू नुकत्याच आई झालेल्या स्त्रियांच्या शरीरात गेला होता. फेब्रुवारी १९९४ मध्ये ही बातमी देशाला कळली. हजाराहून जास्त स्त्रियांना संसर्ग झाल्याचं निष्पन्न झालं. सतरा-सतरा वर्षं त्या थकव्यासाठी डॉक्टरांचे उंबरे झिजवत होत्या आणि त्यांना कारण सापडत नव्हतं.

या प्रकरणातला अधिक जड भाग पुढेच आहे. त्या मूळ रुग्ण स्त्रीच्या नमुन्यांत हिपॅटायटिस सी आहे, हे इंग्लंडमधल्या प्रयोगशाळेने १९९१ च्या अखेरीसच कळवलं होतं. माहिती कार्यालयात येऊन पडली होती. ज्यांना ती कळायला हवी होती त्यांच्यापर्यंत ती दोन वर्षं पोहोचली नाही. १९९७ च्या चौकशी अहवालात हे सगळं नोंदवलेलं आहे. त्या दोन वर्षांत किती जणी वेळेवर उपचारासाठी उभ्या राहू शकल्या असत्या, याचा विचार मनातून जात नाही. ब्रिटनमध्येही तेच. १९७० ते १९९१ या काळात दूषित रक्त आणि रक्तापासून केलेल्या औषधांमुळे ३० हजारांहून अधिक लोकांना एचआयव्ही, हिपॅटायटिस सी किंवा दोन्हींचा संसर्ग झाला. त्याच्या चौकशीचा अहवाल मे २०२४ मध्ये आला. संसर्ग झाला हा एक अन्याय, आणि तो झाल्याचं कित्येकांना वर्षानुवर्षे सांगितलंच गेलं नाही हा दुसरा.

आज तुमच्याकडची परिस्थिती त्या काळापेक्षा कितीतरी चांगली आहे. चाचण्या आहेत, प्रशिक्षित तंत्रज्ञ आहेत, पिशवीवर बारकोड आहे. तरीसुद्धा ‘रक्त अडवलं’ इथे काम संपलं असं मानण्याची सवय गेलेली नाही. रुग्णाला वाचवण्यासाठी जेवढी यंत्रणा उभी केली जाते, तिच्या दहाव्या हिश्शाएवढीही रक्तदात्यासाठी उभी केलेली दिसत नाही. तंत्रज्ञांचा यात दोष नाही. त्यांच्यावर चाचण्यांचा ढीग असतो आणि रक्तदात्याला गाठण्याची जबाबदारी नेमकी कुणाची, हे बहुतेक ठिकाणी कागदावर ठरलेलंच नसतं. ती ठरवणं तुमच्या हातात आहे.

‘कळवा’ म्हणणं सोपं आहे, आणि अडचणी खऱ्या आहेत, हे मी जाणतो. पहिली अडचण चाचणीचीच. पिशव्यांसाठी वापरली जाणारी एलायझा चाचणी (ती अँटिबॉडी, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिनं, शोधते) मुद्दाम अतिसंवेदनशील ठेवलेली असते. एकही दूषित पिशवी सुटू नये म्हणून काही निरोगी पिशव्या फुकट गेल्या तरी चालतील, असा तिचा हिशोब. पिशवीच्या बाबतीत तो योग्यच. माणसाच्या बाबतीत तो फसतो. समजा, १ लाख रक्तदाते आहेत आणि दर हजारी एकाला खरोखर संसर्ग आहे, म्हणजे एकूण १०० जणांना. चाचणी निरोगी माणसाला ९९.८ टक्के वेळा बरोबर निरोगी ठरवते, असं धरू. तरीही जवळपास २०० निरोगी माणसं रिअ‍ॅक्टिव्ह निघतील. तुमच्या यादीत ३०० नावं येतील आणि त्यांतल्या दर तिघांपैकी दोघांना हा आजारच नसेल. त्या दोघांना ‘तुम्हाला हिपॅटायटिस सी आहे’ असं फोनवर सांगणं हा क्रूरपणा आहे. तिसऱ्याला काहीच न सांगणं त्याहून मोठा. यातून मार्ग एकच, विषाणूचा आरएनए (त्याचं जनुकीय द्रव्य) शोधणारी खात्रीची चाचणी. अँटिबॉडी फक्त एवढंच सांगते की शरीराची या विषाणूशी कधीतरी गाठ पडली असावी. विषाणू आज शरीरात आहे की नाही ते आरएनए सांगतो. ही चाचणी तुमच्याकडे होत नसेल तर जिथे होते तिथे रक्तदात्याला नेण्याची व्यवस्था हवी. ‘एकदा कुठेतरी तपासून घ्या’ एवढं म्हणून हात झटकले की तो माणूस बहुधा कुठेच जात नाही.

याच कारणासाठी अहवालातला आकडाही नीट छापायला हवा. नुसती रिअ‍ॅक्टिव्हची टक्केवारी देऊन त्याला हिपॅटायटिस सीचं प्रमाण म्हणणं चूक आहे. किती रिअ‍ॅक्टिव्ह निघाले, त्यांतल्या कितींची खात्रीची चाचणी झाली, कितींमध्ये विषाणू सापडला, हे तिन्ही वेगळं दिसलं पाहिजे. पहिल्यांदा रक्त देणारे आणि पुन्हा पुन्हा देणारे यांचीही सरमिसळ नको. पहिल्यांदा येणाऱ्यांमधला आकडा आयुष्यभरात झालेला संसर्ग दाखवतो. नियमित देणारा गेल्या वेळी निगेटिव्ह होता आणि या वेळी पॉझिटिव्ह निघाला, तर संसर्ग मधल्या काळातला, ताजा असतो. हाच आकडा रुग्णाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे, कारण विंडो पिरियडमध्ये, म्हणजे संसर्ग झालाय पण चाचणीत अजून दिसत नाही अशा काळात, सुटणाऱ्या पिशव्यांचा अंदाज त्यावरून बांधतात. अँटिबॉडी दिसायला सरासरी आठ ते दहा आठवडे जातात. थेट विषाणूचं जनुकीय द्रव्य शोधणाऱ्या नॅट चाचणीने ही फट काही दिवसांवर येते. ताज्या संसर्गाचा दर आणि या फटीची लांबी यांच्या गुणाकारातून उरलेला धोका कळतो. नातेवाइकाला रक्त हवं म्हणून धावत आलेला बदली रक्तदाता आणि स्वयंस्फूर्तीने आलेला रक्तदाता यांचेही आकडे वेगळे ठेवा. आणि हे आकडे अख्ख्या समाजाचे आहेत, असं कुणी म्हणू नये. प्रश्नावलीतून गाळलेले, ठरावीक वयातले, स्वतःला निरोगी समजणारे लोक रक्त द्यायला येतात. समाजातलं खरं प्रमाण त्याहून जास्त असण्याचीच शक्यता मोठी.

दुसरी अडचण मला नेहमी ऐकवली जाते ती ही की रक्तदाते घाबरतील, बातमी पसरेल आणि शिबिरं ओस पडतील. मला हे पटत नाही. आपल्याला फसवलं जात नाही, ही खात्री असेल तरच माणूस पुन्हा पुन्हा रक्त द्यायला येतो. भीती कळवण्याची नसते, ती कशी कळवता याची असते. निकाल पोस्टकार्डावर किंवा एसएमएसवर देऊ नका. फोन केलात तर फक्त ‘एका चाचणीसाठी पुन्हा नमुना हवा आहे, स्वतः या’ एवढंच सांगा, तेही त्याच व्यक्तीला, फोन उचलणाऱ्या भावाला किंवा बायकोला नव्हे. आल्यावर दार बंद करून, समोर बसून, वेळ देऊन बोला. एका बैठकीत सगळं डोक्यात शिरत नाही, म्हणून दुसऱ्या भेटीची तारीख लगेच द्या. जेवण, मिठी, एकाच ताटात खाणं, शिंकणं यांतून हा आजार पसरत नाही, हे पहिल्या दहा मिनिटांत सांगा, कारण घरी जाताना त्याला तीच काळजी पोखरत असते. पातं आणि टूथब्रश वेगळा ठेवायचा, दारू पूर्ण बंद करायची आणि पुन्हा रक्तदान करायचं नाही, हेही सांगा. उपचाराने बरं झाल्यावरसुद्धा अँटिबॉडी वर्षानुवर्षे राहते, त्यामुळे पुढच्या चाचण्यांत त्याचं रक्त रिअ‍ॅक्टिव्ह येतच राहणार, हे आधी समजावलं नाही तर बरा झालेला माणूस पुन्हा हादरतो.

आणि बरं होता येतं, हीच तर या सगळ्यातली मोठी गोष्ट. २०१३ च्या अखेरीस सोफोसबुव्हिर हे औषध आलं आणि चित्र पालटलं. पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं महिनोन्महिने घ्यावी लागत, त्यांचा त्रास आजाराहून वाईट वाटे, आणि इतकं सोसूनही अनेकांचा विषाणू जात नसे. आता तोंडाने घ्यायच्या गोळ्या, बहुतेकांना १२ आठवडे, आणि ९५ टक्क्यांहून अधिक लोक पूर्ण बरे होतात. लस नाही, पण इलाज आहे. इजिप्तकडे पाहा. तिथे गोगलगायींवाटे पसरणाऱ्या परजीवी रोगावर काही दशकं इंजेक्शनांची सरकारी मोहीम चालली, सुया नीट निर्जंतुक होत नव्हत्या, आणि त्यातून हा विषाणू देशभर पसरला. त्याच देशाने २०१८-१९ मध्ये काही महिन्यांत सुमारे ५ कोटी लोकांची तपासणी केली आणि पॉझिटिव्ह निघालेल्यांना उपचारांपर्यंत नेलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला हिपॅटायटिस सी निर्मूलनाच्या वाटेवरचा सुवर्ण दर्जा दिला. त्यांना माणसं शोधण्यासाठी गावोगाव जावं लागलं. तुमच्याकडे ती माणसं स्वतः चालत येतात, बाही वर करतात, पत्ता लिहून देतात.

शिबिरांच्या संयोजकांना थोडं वेगळं सांगायचं आहे. तुमच्या उत्साहावर ही सगळी व्यवस्था उभी आहे, त्याबद्दल मनापासून आदर आहे. पण पिशव्यांचा उच्चांक गाठायच्या नादात कुणाला आग्रह करून, मित्रांसमोर ‘घाबरतोस काय’ म्हणून खुर्चीत बसवू नका. प्रश्नावलीतल्या एखाद्या प्रश्नाचं खरं उत्तर चारचौघांत देता येत नाही म्हणून माणूस खोटं लिहितो, आणि विंडो पिरियडमधली पिशवी तिथूनच आत येते. रक्त दिल्यावरही ‘माझं रक्त वापरू नका’ असं कुणालाही न कळता सांगण्याची सोय प्रत्येक शिबिरात ठेवा. फॉर्म भरताना फोन नंबर आणि पत्ता पुन्हा एकदा विचारून खात्री करून घ्या. रिअ‍ॅक्टिव्ह निघालेल्या कित्येकांना गाठता येत नाही, कारण घाईत नंबर चुकीचा लिहिलेला असतो. आणि नंतर कुणाचं रक्त ‘खराब’ निघालं ही यादी रक्तपेढीकडे कधीही मागू नका. मागितली तर ती देऊ नये, असंही रक्तपेढ्यांना इथेच सांगतो. ज्या कचेरीत किंवा मंडळात तो माणूस रोज वावरतो, तिथे त्याचं नाव कळलं तर पुढच्या शिबिरात शेजारची खुर्चीही रिकामी राहील.

एक काम राहतंच. नियमित रक्तदाता नव्याने पॉझिटिव्ह निघाला तर त्याच्या आधीच्या पिशव्या कुणाला गेल्या, हे मागे जाऊन शोधावं लागतं. एका पिशवीतून लाल पेशी, प्लेटलेट आणि प्लाझ्मा वेगळे होतात, म्हणजे एका रक्तदानामागे तीन रुग्ण असू शकतात. रुग्णालयाकडे नोंद असते, तुमच्याकडे नोंद असते, फक्त दोन्ही कागद एका टेबलावर आणणारं कुणीतरी नेमलेलं हवं.

माझी मागणी नेमकी आहे. येत्या वार्षिक अहवालात हिपॅटायटिस सीच्या टक्केवारीशेजारी आणखी चार रकाने छापा: किती रिअ‍ॅक्टिव्ह रक्तदात्यांना गाठता आलं, कितींची आरएनए चाचणी झाली, कितींचे उपचार सुरू झाले आणि किती बरे झाले. पहिल्या वर्षी आकडे लाजिरवाणे निघाले तरी ते छापा. अहवाल रक्तपेढीच्या दर्शनी भागात लावा, म्हणजे फॉर्मवर खूण करणाऱ्या प्रत्येकाला तो वाचता येईल. या कामासाठी समुपदेशकाचं पद भरलेलं नसेल तर ते भरण्याचा प्रस्ताव या महिन्यात पाठवा, आणि तो मंजूर होईपर्यंत ही जबाबदारी कुणाची, ते नाव लेखी ठरवा.

आपला,
एक नियमित रक्तदाता